उघडीं राहिलेलीं दारें

“दैव” या शब्दाला आमच्या मराठींत अलीकडे एक नवा प्रतिशब्द मिळाला आहे, आणि तो म्हणजे “सर्व्हर डाउन”. रेशनच्या दुकानांत अंगठा उमटेना, सर्व्हर डाउन. सात-बाराचा उतारा निघेना, सर्व्हर डाउन. बँकेंत पासबुक भरून मिळेना, तरी कारण तेंच. पूर्वीं पीक बुडालें, सोयरीक मोडली, मुलगा नापास झाला म्हणजे मंडळी कपाळाकडे बोट दाखवीत आणि गप्प बसत. आतां खिडकीपलीकडचा माणूस कोपऱ्यांतील पेटीकडे बोट दाखवितो आणि खिडकीअलीकडचीं माणसें निमूटपणें घरीं जातात. कपाळावर काय लिहिलें आहे तें वाचण्याची सोय नाहीं, हें खरें. परंतु पेटी ही माणसानें केलेली वस्तु आहे. ती अडते तेव्हां तिला कांहीं तरी कारण असतें. तें शोधतां येतें, मोजतां येतें, आणि बहुधा दूरही करतां येतें. ही गोष्ट वयाच्या साठीनंतर मला एका प्रसंगानें फार जवळून पाहावयास मिळाली. तींतील शास्त्र माझ्या पुतण्यानें मला समजावून दिलें. ज्याचा जन्म संस्कृत शिकविण्यांत गेला अशा माणसाला तें कळलें, तर घरोघरच्या वाचकांस कळण्यास कांहींच अडचण नाहीं, अशा समजुतीनें हा लेख लिहीत आहें.

मंद्रूप हें सोलापूरच्या दक्षिणेस, विजयपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचें आमचें गांव. ज्वारीची काळी जमीन, कर्नाटकाची हद्द जवळ, आणि मराठी व कानडी या दोन्ही भाषा एकाच ओट्यावर नांदत असलेल्या. निवृत्त झाल्यापासून मी येथील एका अभ्यासिकेची किल्ली आणि हजेरीवही सांभाळतों. ज्या संस्थेनें ती काढली तिचें नांव सांगण्याचें येथें प्रयोजन नाहीं. तिचा हेतु चांगला होता आणि मुलांची सोयही खरोखरच झाली आहे. अभ्यासिकेंत चाळीस संगणक आहेत, आणि कोपऱ्यांत आणखी दोन यंत्रें आहेत. त्यांपैकीं एकांत सरावाच्या प्रश्नपत्रिका आणि पाठ साठविलेले असतात. दुसरें यंत्र म्हणजे प्रॉक्सी सर्व्हर. मुलांचा कोणताही संगणक बाहेरच्या जगाशीं, किंवा त्या प्रश्नपत्रिकांच्या यंत्राशीं देखील, परभारें बोलत नाहीं. जें हवें असेल तें प्रॉक्सीजवळ मागावयाचें आणि त्यानें तें आणून द्यावयाचें, अशी व्यवस्था आहे.

ज्यांच्या घरीं जुने कागदपत्र आहेत त्यांस “मुखत्यार” हा शब्द अनोळखी नसेल. मालक स्वतः कचेरींत जात नसे. त्याच्या वतीनें मुखत्यार जाई, बोले आणि कागद घेऊन येई. प्रॉक्सी या शब्दाचा अर्थ नेमका हाच. असा मुखत्यार ठेवण्याचीं कारणें तीन. चाळीस जणांनीं एकच चित्र मागितलें तर तें बाहेरून एकदांच आणून त्याच्या नकला वांटतां येतात, हें पहिलें. कोणीं केव्हां काय मागितलें याची नोंद एका जागीं राहते, हें दुसरें. आणि मुलांनीं जेथें जाऊं नये तेथें जाण्यास अटकाव करतां येतो, हें तिसरें. यांतील पहिलें कारण एके काळीं सर्वांत मोठें होतें. आपल्या देशांत संगणकांचें जाळें विणण्यास १९८६ सालीं एर्नेट या प्रकल्पानें आरंभ झाला. मुंबईंत जुहू येथें असलेलें राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र आणि पवईची आय. आय. टी. या दोन्ही संस्था त्यांत होत्या. सामान्य ग्राहकाला इंटरनेट मिळूं लागलें तें १५ ऑगस्ट १९९५ पासून, विदेश संचार निगमाकडून. त्या वेळच्या वाटा इतक्या अरुंद होत्या कीं पडद्यावर एक चित्र उमटेपर्यंत पेल्यांतला चहा निवून जाई. १९९६ सालीं अमेरिकेंत “स्क्विड” नांवाचा मुखत्यार-कार्यक्रम तयार होऊन फुकट मिळूं लागला आणि नकला साठविण्याच्या त्याच्या गुणामुळें जगभर पसरला. आज बहुतेक पानें मोहोरबंद पाकिटांतून येतात, त्यामुळें नकलांचा उपयोग पुष्कळ कमी झाला आहे. मुखत्यार मात्र जागच्या जागीं राहिला आहे.

गेल्या वर्षीं पावसाळ्यांत आमच्या या मुखत्याराला एक विलक्षण विकार जडला. दर दोन-तीन दिवसांनीं, बहुधा दुपारीं, नवीं पानें उघडेनाशीं होत. विलक्षण अशासाठीं कीं सर्वांचीं तशीं होत नसत. जो मुलगा आधींपासून पाठ वाचीत बसला असेल त्याचा पाठ सुरळीत चाले, आणि त्याच्याच शेजारीं नुकत्याच येऊन बसलेल्या मुलीपुढें कोरा पडदा. यावरून मुलांनीं एक शास्त्रच बनविलें. खिडकीजवळचे संगणक शुभ, दाराजवळचे अशुभ! जागेसाठीं भांडणें होऊं लागलीं. एका संगणकाला लिंबू-मिरची बांधलेली मीं स्वतः सोडविली. देखरेखीस ठेवलेला तरुण अत्यंत प्रामाणिक. परंतु त्याला औषध एकच ठाऊक होतें, तें म्हणजे प्रॉक्सी बंद करून पुन्हां चालू करणें. त्यानें गुण येई, आणि दोन दिवसांनीं दुखणें पुन्हां दारांत उभें. एकदां बाहेरून एक जाणता माणूस येऊन गेला. “मर्यादा वाढवून ठेवली आहे, आतां काळजी नको,” असें तो सांगून गेला. दुखणें तसूभरही हललें नाहीं.

अशाच एका दिवशीं मी कामानिमित्त सोलापुरास गेलों होतों. शेतावर मजुरी करणाऱ्या एका बाईंची मुलगी परिचारिकेच्या शिक्षणाचा अर्ज भरण्यास अभ्यासिकेंत आली. मुदतीचा तो शेवटचा दिवस होता. आधींचे सारे दिवस दाखले गोळा करण्यांत गेले होते. पावणेचारच्या सुमारास पान उघडेना. अर्धा तास वाट पाहिल्यावर देखरेखीचा तरुण तिला म्हणाला, “सर्व्हर डाउन आहे, ताई. उद्यां या.” ती कांहीं न बोलतां पिशवी उचलून निघून गेली. तिची वस्ती गांवापासून दूर, आणि वाट चिखलाची. दिवेलागणीस त्यानें नेहमींचें औषध दिलें व यंत्र चालू झालें. मग तिची आठवण होऊन त्यानें निरोप धाडला. पण तो पोंचला दुसऱ्या दिवशीं सकाळीं. मुदत मध्यरात्रीं संपली होती. त्या मुलीचें एक वर्ष गेलें. मला सर्वांत बोचलें तें तिचें गप्प राहणें. “असें कां झालें?” हा प्रश्न तिनें विचारला नाहीं, कारण या गोष्टीला कांहीं “कां” असूं शकतो असें तिला कोणीं कधीं सांगितलेंच नव्हतें.

गौरी-गणपतीस माझा धाकटा पुतण्या पुण्याहून घरीं आला. अशीं यंत्रें सांभाळणें हाच त्याचा व्यवसाय. मीं हकीकत सांगतांच तो माझ्याबरोबर अभ्यासिकेंत आला आणि तासभर त्या यंत्राचा रोजनामा वाचीत बसला.

“काका,” तो म्हणाला, “लाइन चालू आहे, यंत्रावर ताण नाहीं, स्मृतींतही पुष्कळ जागा आहे. याला अशक्तपणा आलेला नाहीं. याचे हात भरले आहेत.”

त्यानें रोजनाम्यांतील एक ओळ मला दाखविली. इंग्रजी चारच शब्द होते : “टू मेनी ओपन फाइल्स”, म्हणजे फार फाईली उघड्या आहेत. तीच ओळ शेंकडों वेळां पुन्हां पुन्हां आली होती.

“पण येथें फाईल उघडली कोणीं?” मीं विचारलें. “मुलें तर पानें मागतात.”

“सगळी मेख तेथेंच आहे,” तो म्हणाला, आणि पुढें त्यानें जें सांगितलें तें मी माझ्या शब्दांत देतों.

या यंत्रांवर लिनक्स नांवाची जी व्यवस्था चालते तिची परंपरा १९६९ पर्यंत मागें जाते. त्या वर्षीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनीं युनिक्स ही व्यवस्था रचण्यास आरंभ केला. तिचें एक तत्त्व असें कीं होतां होईल तों प्रत्येक वस्तु फाईलीसारखी वागवावयाची. कागद उघडला तरी फाईल, आणि दुसऱ्या संगणकाशीं बोलण्यासाठीं जोडणी केली तरी तिलाही फाईलीचेंच वळण. कार्यक्रमानें कांहीं उघडलें कीं व्यवस्था त्याला एक लहानसा आंकडा देते. त्या आंकड्याला फाइल डिस्क्रिप्टर म्हणतात. पहिले तीन आंकडे, ०, १ आणि २, हे बहुधा ठरलेल्या कामांस दिलेले असतात : आंत येणारें, बाहेर जाणारें, आणि तक्रार. पुढच्या उघडण्याला जो सर्वांत लहान आंकडा मोकळा असेल तो मिळतो. वस्तु बंद केली कीं तिचा आंकडा पुन्हां मोकळा होतो.

हें ऐकून मला पाणिनीची आठवण झाली. अष्टाध्यायींत “टि”, “घु”, “भ” अशा चिमुकल्या संज्ञा आहेत. त्या अक्षरांना स्वतःचा अर्थ कांहीं नाहीं; परंतु शास्त्राच्या आंत त्या उच्चारल्या कीं कोणता शब्दांश किंवा कोणते धातु अभिप्रेत आहेत तें नेमकें कळतें. डिस्क्रिप्टर ही तशीच संज्ञा. ४१७ या आंकड्याला बाहेर कांहीं अर्थ नाहीं. त्या कार्यक्रमाच्या आंत मात्र तो म्हणजे अमक्या संगणकाकडे जाणारें उघडें दार. देवळाबाहेर पायतणें ठेवून आपण जो बिल्ला घेतों त्याचीही हीच तऱ्हा. बिल्ले मोजके, आणि ज्यानें बिल्ला परत केला नाहीं त्याच्या पायतणांची जागा, तो गांवीं पोंचला तरी, अडलेलीच राहते.

हे आंकडे अमर्याद मिळत नाहींत. एका कार्यक्रमानें किती घ्यावे याला मर्यादा असते आणि लिनक्सवर ती रूढीनें १०२४ आहे. ती संपली कीं २४ क्रमांकाची चूक उद्भवते. आमच्या रोजनाम्यांत होती ती हीच. सबंध यंत्राचीच मर्यादा संपली तर चुकीचा क्रमांक २३. एका घरांतील पाण्याचा हंडा रिकामा होणें वेगळें आणि गांवची विहीर आटणें वेगळें, इतकाच या दोहोंत फरक. पण उपाय सर्वस्वीं निराळे, म्हणून क्रमांक नीट वाचावा लागतो. १०२४ ही संख्याही कोणाच्या लहरीनें आलेली नाहीं. उघड्या दारांवर पाळत ठेवण्याची एक जुनी युक्ति आहे, तिच्या तक्त्यांत १०२४ च घरें असतात. तो तक्ता वापरणारे जुने कार्यक्रम बिघडूं नयेत म्हणून, २०१८ सालीं सिस्टमडी या व्यवस्थापकानें वरची कमाल मर्यादा ५,२४,२८८ पर्यंत नेली तरी रोजची मर्यादा १०२४ वरच राहूं दिली. ज्याला अधिक हवी त्यानें ती मागून घ्यावी, असा संकेत. एका यंत्रानें एकाच वेळीं दहा हजार ग्राहक कसे सांभाळावे, हा प्रश्न डॅन केगेल यांनीं १९९९ सालीं मांडला आणि नव्या युक्त्यांनीं तो पुढें सुटलाही. तेव्हां मर्यादा वाढवितां येत नाहीं असें नव्हे. ती वाढवावी कीं नाहीं, हा प्रश्न आहे.

त्यांतही मुखत्यारावर भार दुप्पट. मुलाच्या संगणकाकडे एक दार आणि जेथून पान आणावयाचें तिकडे दुसरें, अशीं एका मागणीस दोन दारें त्याला उघडावीं लागतात. आणि हात भरले कीं आधींच्या उघड्या दारांतून देवघेव चालूच राहते. नव्या माणसाला मात्र दार उघडत नाहीं. शुभ आणि अशुभ संगणकांचें कोडें येथें सुटलें. खिडकीजवळचीं मुलें लवकर येत, एवढाच त्या जागेचा महिमा!

मग पहिल्या जाणत्यानें मर्यादा वाढविली होती तिचें काय झालें? पुतण्यानें तेंही काढून दाखविलें. त्या गृहस्थानें ६५,५३६ हा आंकडा लिहिला होता खरा. पण ज्या कागदावर लिहिला तो कागद माणूस पुढच्या दारानें, नांव व परवलीचा शब्द सांगून, आंत येतो तेव्हां वाचला जातो. प्रॉक्सी त्या दारानें येतच नाहीं. यंत्र सुरू होतांना सिस्टमडी त्याला परस्पर कामाला लावते आणि त्याच्या मर्यादा त्याच्या स्वतःच्या पानावर लिहाव्या लागतात. व्याकरणांत नुसतें सूत्र पाठ असून भागत नाहीं. त्याचा अधिकार कोठपर्यंत चालतो तेंही ठाऊक असावें लागतें. लिनक्स प्रत्येक चालू कार्यक्रमाचें दप्तर “प्रॉक” नांवाच्या कपाटांत उघडें ठेवते, आणि त्यांत त्याला खरोखर लागू असलेली मर्यादा लिहिलेली असते. आमच्या प्रॉक्सीच्या दप्तरांत स्वच्छ १०२४ होते. लिहिलें काय आणि लागू काय, हें ताडून पाहण्यास एक मिनिट लागलें. तें मिनिट आधीं कोणी खर्चिलें नव्हतें.

“मग योग्य त्या पानावर लिही आणि मोकळा हो,” मीं म्हटलें.

“तसें केलें तर दुखणें झांकेल, काका, बरें होणार नाहीं. आधीं मोजूं या.”

त्याच कपाटांत प्रत्येक उघड्या दाराची नोंद असते. दर पांच मिनिटांनीं तीं दारें मोजून संख्या लिहून ठेवणारा एक छोटा कार्यक्रम त्यानें बसविला आणि तीन दिवस कशालाही हात लावला नाहीं. त्या संख्यांवरून मीं चौकटीच्या कागदावर आलेख काढला. मुलांना आलेख शिकविण्याची संवय अशी उपयोगी पडली. पुतण्यानें आधींच सांगून ठेवलें होतें : रेघ भरती-ओहोटीसारखी चढत-उतरत असेल, म्हणजे वर्ग भरतांना वर आणि सुटतांना खालीं, तर दुखणें एवढेंच कीं मर्यादा तोकडी आहे, ती वाढवावी. रेघ चढली आणि उतरलीच नाहीं, तर कोणी तरी दारें उघडीं टाकीत आहे. तो कोण हें शोधावें. आमची रेघ रोजच्या चढ-उताराच्या खालून जिन्याच्या पायऱ्यांसारखी वर जात होती. रात्रीं अभ्यासिका रिकामी, आणि दारें चारशेंऐंशी उघडीं!

“या पायऱ्या कोणत्या वेळच्या?” असें तो पुटपुटला, आणि एकाएकीं त्यानें विचारलें, “काका, वीज केव्हां केव्हां गेली होती, आठवतें का?”

आठवण्याची जरूर नव्हती. अभ्यासिकेच्या वहींत वीज गेल्याची आणि आल्याची वेळ लिहावी असा मीं पहिल्या दिवसापासून नियम घातला आहे. त्याबद्दल माझी पुष्कळ थट्टाही होत असे. वही आणि आलेख शेजारीं शेजारीं ठेवले. प्रत्येक पायरी वीज गेल्याच्या वेळेवर बरोबर बसली.

आतां यांतील कार्यकारणभाव पाहा. आपल्याकडे कोणी निघाला कीं “येतों” म्हणून निघतो. संगणकांतही ही रीत आहे. पान बंद केलें कीं संगणक मुखत्याराला रीतसर निरोप देतो, मुखत्यार दार लावून घेतो आणि आंकडा मोकळा होतो. पण वीज एकदम गेली तर निरोप कोण देणार? मुलांचे चाळीसही संगणक जागच्या जागीं विझतात. प्रॉक्सी आणि प्रश्नपत्रिकांचें यंत्र मात्र इन्व्हर्टरवर, म्हणून जागीं. मुखत्याराला वाटतें, पाहुणे अजून बसले आहेत, फक्त बोलत नाहींत. बाहेरच्या जगाकडे जाणाऱ्या जोडण्या तिकडचीं यंत्रें कांहीं वेळानें आपण होऊन तोडतात, त्यामुळें त्या सुटतात. प्रश्नपत्रिकांसाठीं मुलांच्या संगणकांनीं मुखत्याराकडे उघडलेलीं दारें मात्र तशींच राहत. मुका बसलेला पाहुणा किती वेळ सहन करावा याला एक मुदत घालतां येते; पण मुलांचा अभ्यास मध्येंच तुटूं नये या सद्धेतूनें, ज्यानें यंत्र बसविलें त्यानें ती मुदतच काढून टाकली होती. लिनक्सला सांगितल्यास तें स्वतः “आहांत ना?” अशी चौकशी करतें, पण सांगितल्याशिवाय करीत नाहीं, आणि नुसतें कर म्हटलें तर पहिल्या चौकशीपूर्वीं ७,२०० सेकंद, म्हणजे तब्बल दोन तास, थांबतें.

हिशेब अगदीं शाळेंतला आहे. एक ब्राउझर एका ठिकाणाकडे सहापर्यंत जोडण्या उघडतो. चाळीस संगणकांच्या झाल्या २४०. वर्ग भरलेला असतांना पलीकडच्या २४० धरून ४८०. वीज एकदां गेली कीं २४० दारें मृत संगणकांच्या नांवें अडकलीं; दोनदां गेली कीं ४८०. त्यांत चालू वर्गाचीं ४८० मिळविलीं तर ९६०, म्हणजे अजून निभावतें. तिसऱ्यांदा वीज गेली, मृतांचीं झालीं ७२०, आणि वर्ग पुन्हां कामाला बसला कीं बेरीज १,२००. मर्यादा १,०२४! ती मुलगी अर्ज भरण्यास आली त्या दिवसाचें पान मीं उलटून पाहिलें. देखरेखीच्या तरुणानें माझ्या नियमाप्रमाणें नोंद केलेली होती : सकाळीं ११-१०, दुपारीं १-३५, दुपारीं ३-२०. तीन वेळां. पावणेचारला तिच्यापुढें कोरा पडदा आला त्यांत दैवाचा संबंध नव्हता. होती ती केवळ बेरीज.

उपाय अर्ध्या तासांत झाले. मुक्या पाहुण्याला एक मिनिटाची मुदत घातली. “आहांत ना?” ही चौकशी पांच मिनिटांवर आणली. मर्यादा ८,१९२ केली आणि ती प्रॉक्सीच्या स्वतःच्या पानावर लिहून, पुन्हां दप्तर उघडून, लागू झाल्याची खात्री करून घेतली. उघड्या दारांची संख्या देखरेखीच्या तरुणाच्या पडद्यावर सतत दिसेल असें केलें, आणि ८०० च्या वर जातांच ती तांबडी व्हावी अशी योजना केली. मग पुतण्यानें मुलांस विचारून मुख्य कळ स्वतःच्या हातानें खालीं ओढली. खोली अंधारली. आम्ही दोघे त्या एका उजेडत्या पडद्याकडे पाहत उभे राहिलों. दीड-दोन मिनिटांत संख्या घसरत घसरत पन्नाशीच्या खालीं आली. असें चार वेळां केलें. देखरेखीच्या तरुणानें पांचव्यांदा आपण होऊन केलें. त्याचा विश्वास बसत नव्हता.

मीं मागाहून पुतण्याला एक शंका विचारली. पहिल्या गृहस्थाचे ६५,५३६ योग्य जागीं लिहिले गेले असते तर आमचें काम भागलें नसतें काय? तो म्हणाला, “भागलें असतें, काकासाहेब, कांहीं महिने. वीज दोनशें सत्तर वेळां जाईपर्यंत. मग तें एकाएकीं बंद पडलें असतें आणि तोंपर्यंत मी, तुम्ही व तुमची वही या सगळ्यांचाच संबंध कोणाच्या ध्यानांत आला नसता.” शिवाय प्रत्येक उघडें दार थोडी स्मृति अडवितें, तें वेगळेंच. यंत्र बंद करून चालू केल्यानें गुण कां येई, हेंही आतां उघड झालें. कार्यक्रम संपला कीं व्यवस्था त्याचीं सारीं दारें एका झटक्यानें लावून घेते. हा उपाय खोटा नव्हे. पण त्यांत दुखण्याबरोबर दुखण्याचा पुरावाही पुसला जातो.

एकत्र कुटुंबांत वाढलेल्या वाचकांस मर्यादेचा हा गुण निराळा सांगावयास नको. कोठीची किल्ली एकीच्या हातांत असे आणि शेर-मापट्यानें धान्य बाहेर निघे. तो कंजूषपणा आहे असें आम्हां पोरांस वाटे. पण महिनाअखेरीस माप कमी पडलें तर त्याच दिवशीं कळे कीं उंदीर लागले, कीं पाहुणे वाढले, कीं कणगीला भोंक पडलें. कोठी अफाट असती तर उंदरांचाही संसार त्यांत सुखानें झाला असता. मर्यादा ही केवळ अडवणूक नसते. बहुधा ती पहिली खबर असते. ती आली म्हणजे दोन प्रश्न विचारावे. खाणारीं तोंडें वाढलीं काय? तसें असेल तर माप मोठें करावें. त्यांत कंजूषपणा नको. घेतलेलें परत येत नाहीं काय? तसें असेल तर माप कितीही मोठें केलें तरी तें पुरणार नाहीं. आणि या दोहोंतील कोणता प्रकार आहे हें तर्कानें ठरवूं नये. चार दिवस मोजून ठरवावें.

त्या मुलीविषयीं वाचकांस उत्सुकता असेल. यंदा तिनें मुदत उघडली त्याच दिवशीं येऊन अर्ज भरला. एक वर्ष तिनें आईबरोबर खुरपणीस घालविलें. तें परत मिळणारें नाहीं. अर्ज भरून झाल्यावर मीं तिला तो आलेख आणि वहींतील तें पान दाखविलें, व तिच्या अर्जाच्या दिवशीं काय झालें तें बेरीज करून सांगितलें. तिनें ती बेरीज स्वतः पुन्हां करून पाहिली. “म्हणजे, गुरुजी, त्या दिवशीं तें लगेच बंद करून चालू केलें असतें, तरी माझा अर्ज गेला असता?” तिनें विचारलें. मीं “होय” म्हटलें. तिला वाईट वाटणार हें मला दिसत होतें. तरी खरें तेंच सांगितलें. आपलें नशीब फुटकें आहे असें वर्षभर मानीत राहण्यापेक्षां हें बरें, असें माझें मत आहे.

देखरेखीच्या तरुणांतही पालट झाला आहे. त्याच संस्थेची दुसऱ्या एका गांवीं अशीच अभ्यासिका आहे आणि यंत्रेंही त्याच हातानें बसविलेलीं. परवां तेथील माणसाचा त्याला फोन आला. मी जवळच हजेरी लिहीत बसलों होतों. पलीकडून काय विचारलें असेल तें मला उत्तरावरूनच कळलें. आमचा तरुण म्हणाला, “सर्व्हर डाउन आहे तें मला सांगूं नका. आज तुमच्याकडे वीज किती वेळां गेली, तें आधीं सांगा.”